तळपायाचे फोटो

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं शेड जुळवण्याच्या टेबलापाशी उभे राहिले. गिऱ्हाइकाकडून बोटभर चिंधी यायची, की आम्हाला हाच रंग हवा. मग टाकीतून निघालेल्या कापडाचा तुकडा वाळवायचा, त्या चिंधीला लावून उत्तरेच्या खिडकीशी न्यायचा आणि सांगायचं, जुळला की नाही. मास्तर मुळात अबोल. ते नुसतं 'हं' म्हणायचे. 'हं' म्हणजे माल पुढे जाऊ दे. काहीच बोलले नाहीत तर टाकीवरचा माणूस कपाळाला हात लावून पुन्हा रंग घोटायला जायचा.

नोकरीची चार वर्षं उरली असताना त्या टेबलावर रंग मोजणारं यंत्र आलं. आलं त्याच महिन्यात मास्तरांनी एका राखाडी मालाला 'हं' म्हटलं आणि यंत्राने नाही म्हटलं. मालक स्वतः खाली आले, दोन्ही तुकडे खिडकीशी घेऊन गेले आणि बाराजणांच्या देखत म्हणाले, "मास्तर, यंत्र बरोबर आहे. पिवळा चढलाय." मास्तरांनी पुन्हा पाहिलं. त्यांना तरीही पिवळा दिसेना. पुढे कळलं की डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. ऑपरेशन झालं, नजर स्वच्छ झाली, पण मनातलं काही सुटलं ते सुटलंच. त्यानंतर ते आधी यंत्राकडे बघायचे, मग कापडाकडे, आणि यंत्र म्हणेल तेच म्हणायचे. निरोपाच्या दिवशी कुणीतरी भाषणात म्हणालं की मास्तरांचं आणि यंत्राचं कधी भांडण झालं नाही. सगळे हसले. मास्तरही हसले.

त्यांच्या बायकोचा स्वभाव अगदी उलटा. तिने बसस्थानकावरच्या तिकीट खिडकीत उमेदीची वर्षं घालवली होती. जाळीआडून रोज हजार माणसांशी बोलून तिची जीभ चांगली परजली गेली होती. घरात बोलायचं खातं तिच्याकडे आणि मान हलवायचं मास्तरांकडे, अशी वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात झाली, ती कधी बदलली नाही. एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात होती. ती फोनवरून दोघांवर हुकमत चालवायची.

बायकोला अठरा वर्षांची साखर. तळपाय बधिर झालेले. एके दिवशी ती बुटात पडलेलं शर्टाचं बटण घेऊन दिवसभर हिंडली आणि तिला पत्ताही लागला नाही. संध्याकाळी मास्तरांनी बूट उपडा केला तेव्हा ते बटण टपकन खाली पडलं. अंगठ्याच्या खाली, तळव्याला, वालाच्या दाण्याएवढी जखम होती.

"बटण कुणाचं?" तिने विचारलं.

"माझंच असेल."

"मग शिवून टाका. उगाच वाया का घालवायचं?"

जखम काही दाण्याएवढी राहिली नाही. महिन्याभरात नाण्याएवढी झाली तेव्हा मुलीने शोधाशोध करून जखमांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बायकोला पाय टेकायची सक्त मनाई. शेजारचे दोघे भाऊ रजा काढून आले, तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, तेव्हा पहिली भेट झाली.

डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. जखम साफ केली, पट्टी बांधली आणि म्हणाले, "काका, दर दोन दिवसांनी इथवर आणणं तुम्हाला जमणार नाही, ते मला दिसतंय. पट्टी तुम्ही घरी बदला, सिस्टर शिकवतील. रोज सकाळी जखम धुतली की एक फोटो काढून मला पाठवायचा. मी रोज बघेन. आणि पंधरा दिवसांनी भेटायचं."

मास्तरांनी खिशातून आपला फोन काढून दाखवला. डॉक्टरांनी त्यावरून एक फोटो काढून पाहिला.

"हा काय धुक्यात काढलाय? नाही काका, यात काही कळायचं नाही. चांगला कॅमेरा असलेला फोन घ्या. मला रंग दिसला पाहिजे. लालबुंद असेल तर मांस भरतंय. फिकट पडलं, करडं दिसलं, कडा काळवंडल्या, तर मात्र पाय धोक्यात. सगळं रंगावर आहे."

सगळं रंगावर आहे, हे वाक्य मास्तरांनी किती वर्षांनी ऐकलं होतं! घरी येताना ते दोन वेळा स्वतःशीच 'हं' म्हणाले. बायकोने विचारलं, "काय हं?"

फोन घ्यायला ते एकटेच गेले. मात्र रिकाम्या हाताने नाही. कपाटात त्यांची जुनी शेडची वही होती, एकेका पानावर रंगवलेल्या कापडाच्या पट्ट्या डकवलेली. त्यातलं तांबड्या रंगांचं पान त्यांनी सोडवून घेतलं. फिक्या गुलाबीपासून वाळलेल्या रक्तापर्यंत बावीस पट्ट्या.

दुकानात काचेच्या टेबलामागे एक चुणचुणीत मुलगी उभी होती. "बोला काका, कसा फोन दाखवू?"

"कॅमेरा चांगला हवा."

"पुढचा की मागचा? सेल्फी काढणार की निसर्गचित्रं?"

"पाय," मास्तर म्हणाले.

मुलगी जरा बिचकली. मास्तरांना घाम फुटला. त्यांनी कशीबशी बायकोची जखम, डॉक्टर, दोन बस, सगळं सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा निवळला. तिने तीन फोन काढून समोर ठेवले. मास्तरांनी पट्ट्यांचं पान टेबलावर पसरलं, दुकानाच्या दाराशी उजेडात नेलं आणि तिन्ही फोनवर त्याचा एकेक फोटो काढला. मग चष्मा कपाळावर सरकवून, पान आणि पडदा शेजारी शेजारी धरून, पाच-सात मिनिटं नुसतं बघत राहिले. बाकीची गिऱ्हाइकं गंमत बघायला जमली.

एक फोन जाडा, काळा, जुन्या धाटणीचा होता. त्यात बावीसच्या बावीस पट्ट्या होत्या तशाच दिसत होत्या. बाकी दोघांत शेवटच्या सहा पट्ट्या एकाच झळझळीत लालात बुडाल्या होत्या.

"हा," मास्तर म्हणाले.

"हा? काका, हा दोन वर्षं पडून आहे इथे. कुणी विचारत नाही. हा बघा ना, याचा कॅमेरा सध्या सगळ्यात वरचा आहे. फोटो कसला जिवंत येतो बघा!"

"त्यात रंग जसाच्या तसा येत नाही."

"जसाच्या तसा कुणाला हवाय काका?" मुलगी हसली, आणि जमलेले लोकही हसले.

मास्तरांनी मुलीला फोन लावला. म्हणजे आपल्या मुलीला. तिने विक्रेतीशी बोलायला मागितलं आणि त्या दोघींचं दोन मिनिटांत जुळलं. मग फोन पुन्हा मास्तरांच्या कानाशी आला. "बाबा, तो जाडा डबा अजिबात घेऊ नका. ती सांगते तोच घ्या. मी वाचलंय त्याबद्दल. त्याचा कॅमेरा आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त बघतो."

"पण मी आता पट्ट्या लावून..."

"बाबा, तुमचे डोळे आणि तुमच्या पट्ट्या! ऑपरेशन विसरलात का? आईच्या पायाचा प्रश्न आहे. इथे हट्ट नको."

हट्ट हा शब्द मास्तरांबद्दल कुणी वापरला असेल तर तो त्या दिवशीच. त्यांनी पट्ट्यांचं पान घडी करून खिशात ठेवलं आणि झळझळीत फोन घेऊन घरी आले.

पहिले आठ दिवस मात्र त्या फोनने घरात आनंदीआनंद केला, हे कबूल करायला हवं. मास्तरांनी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीचा फोटो काढला, तर तिचे विरलेले धागे मोजता येत होते. बायकोचा चेहरा काढला तर सुरकुत्या अर्ध्या गायब. तिने फोन हातात घेऊन बराच वेळ निरखलं. "अहो, ही कोण बया? माझ्या धाकट्या बहिणीसारखी दिसतेय."

"तूच आहेस."

"मी अशी असते तर तिकीट खिडकीपुढची रांग कधी संपलीच नसती."

सकाळी सातला कार्यक्रम सुरू व्हायचा. पलंगाच्या कडेला प्लास्टिक अंथरायचं, त्यावर तिचा पाय घ्यायचा, जुनी पट्टी औषधी पाण्याने भिजवून सोडवायची, जखम धुवायची, टिपून घ्यायची. मग मास्तर जमिनीवर बसकण मारून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून फोटो काढायचे. जखम तळव्याला, त्यामुळे बायकोला ती दिसायची नाही. आरसा धरून बघायचा प्रयत्न तिने एकदा केला, पण मान अवघडली. तेव्हा फोटो डॉक्टरांकडे गेला की फोन तिच्या हातात द्यायचा, असा शिरस्ता पडला. ती चष्मा लावून, बोटांनी फोटो मोठा करून, वर्तमानपत्रासारखा तो वाचायची.

"आज छान लाल आहे. कालच्यापेक्षा तजेलदार."

मग डॉक्टरांचा उंचावलेला अंगठा यायचा. तो आला की ती चहा मागायची.

फोटो काढताना पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीकसं चित्र उमटायचं, काटा-चमचा. मास्तरांना त्याचा अर्थ लागेना. बायकोने लावला. सकाळची साखरेची गोळी घेतल्यावर तिला वेळेवर खावं लागे आणि मुलीने फोनमध्ये गोळ्यांच्या वेळा भरून दिल्या होत्या. त्यावरून ती म्हणाली, "बघा, यंत्राला आहे माझी काळजी. गोळी घेतलीस, आता खाऊन घे म्हणतंय. तुम्हाला कधी सुचलं?" मास्तरांनाही ते पटलं. काटा-चमचा दिसला की पट्टी बांधून झाल्याझाल्या ते स्वयंपाकघरात जाऊन तिची ताटली वाढून आणू लागले.

अकराव्या-बाराव्या दिवशी, पाय धुताना, मास्तरांचा हात थांबला.

जखमेच्या मधला भाग त्यांना मंद वाटला. कापडाच्या भाषेत सांगायचं तर रंगाचा जीव गेल्यासारखा. लाल होता, पण त्यात राख कालवलेली. डाव्या कडेला केसाएवढी करडी रेघ. त्यांनी फोटो काढला. पडद्यावर जखम टवटवीत, चिरलेल्या टोमॅटोसारखी.

त्यांनी चष्मा पुसला, पलंग खिडकीच्या बाजूला सरकवला आणि पुन्हा पाहिलं. पायावर राख, पडद्यावर टोमॅटो.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. उजेड कमी आहे."

"दाखवा." तिने फोन घेतला, आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, ही तर भरत आली की! या महिन्यात मी चालणार बघा. पहिली जाणार ती भाजीवाल्याकडे. तुम्हाला तो रोज जुनी भाजी गळ्यात मारतो."

मास्तरांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्यांनी मनाशी हिशेब मांडला तो असा. कॅमेरा नवा, डोळे एकाहत्तर वर्षांचे आणि एकदा कापलेले. कॅमेऱ्याच्या बाजूने मुलगी, दुकानातली विक्रेती, डॉक्टरांचा अंगठा आणि खुद्द जिचा पाय ती. आपल्या बाजूने कोण? बाराजणांसमोर चुकलेला एक माणूस. त्यांनी पट्टी बांधली आणि ताटली वाढायला गेले.

तेराव्या दिवशी रेघ बोटाच्या नखाएवढी रुंद झाली. चौदाव्या दिवशी त्यांना एक वास आला, ओल्या पोत्यासारखा. बायको म्हणाली, औषधाचा आहे. त्याच सकाळी डॉक्टरांचा निरोप आला: 'प्रगती उत्तम. त्रास घेऊन उद्या येऊ नका. पुढच्या आठवड्यात भेटू.' बायकोने तो मोठ्याने दोनदा वाचला आणि लगेच मुलीला फोन करून तिसऱ्यांदा.

त्या दुपारी ती झोपल्यावर मास्तरांनी दवाखान्यात फोन लावला. सिस्टरने उचलला.

"मी तो... तळपायाच्या जखमेचा... म्हणजे माझी बायको..."

"हो हो काका, ओळखलं. काय म्हणताय?"

"नाही, म्हणजे... मला रंग जरा वेगळा वाटतो."

"आजचा फोटो आत्ताच बघितला की आम्ही. एकदम मस्त आहे. डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटला दाखवला, म्हणाले, जखमेची निगा अशी राखायची. तुम्ही बघताय कसा, नुसत्या डोळ्यांनी ना?"

"हो."

"मग त्या फोटोवर भरवसा ठेवा. काळजीने असंच दिसतं माणसाला."

"हं," मास्तर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो.

पुढचा आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. रोज सकाळी ते बसकण मारून बसत, पायाकडे बघत, पडद्याकडे बघत. एकदा त्यांनी जुन्या फोनवरून फोटो काढून पाहिला. तो धुक्यातलाच आला, त्यात काहीच धड दिसेना. एकदा वाटलं, शेजारच्या भावांना बोलवावं आणि विचारावं, तुम्हाला कसा दिसतो? पण परक्या पुरुषांसमोर बायकोचा उघडा पाय धरायचा आणि त्यांनीही 'छानच आहे काका' म्हटलं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणून त्यांनी तोही विचार सोडून दिला. तिला ताप नव्हता. दुखत नव्हतं. दुखलंच नसतं, हे त्यांना माहीत होतं. ती दिवसभर बोलत होती, भाजीवाल्याला काय सुनवायचं त्याची उजळणी करत होती, आणि मास्तर मान हलवत होते.

बाविसाव्या दिवशी शेजारच्या भावांनी खुर्ची उतरवली. दवाखान्यात डॉक्टर हसत पुढे आले. "या काकू, आमच्या हुशार पेशंट!" त्यांनी स्वतः पट्टी सोडली. शेवटचा पदर निघाला आणि ते बोलायचे थांबले. सिस्टरही पुढे वाकली आणि तशीच राहिली.

डॉक्टरांनी चिमट्याने कडेला हळूच दाबलं. "काकू, दुखतंय?"

"नाही हो. का?"

"काका, आज सकाळचा फोटो दाखवा."

मास्तरांनी दाखवला. डॉक्टरांनी तो पाहिला, पाय पाहिला, मग तोच फोन पायासमोर धरला. पडद्यावर लाललाल जखम उमटली आणि कोपऱ्यात काटा-चमचा.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते खाण्याची आठवण..." मास्तर म्हणाले.

सिस्टरच्या तोंडून आवाज निघाला, हसण्याचा की कशाचा ते तिलाही कळलं नसावं. "सर, फोनला हे जेवण वाटतंय. माझ्याही फोनवर आहे असं. ताटाचा फोटो काढला की तो आपोआप रंग चढवतो. म्हणजे पदार्थ ताजा दिसावा म्हणून."

 डॉक्टरांनी काटा-चमच्यावर बोट ठेवून तो बंद केला. पडद्यावरचा टोमॅटो विझला. खाली मास्तरांच्या ओळखीची राख होती, आणि कडेला काळं.

"मीच तुम्हाला येऊ नका म्हणालो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. बोलले मास्तरांशी, पण त्यांच्याकडे न बघता.

बायको आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. "अहो, मला कुणी सांगेल का? मी इथेच आहे."

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं, मागच्या हाडाच्या तुकड्यासकट. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, हे नशीब समजा. मुलगी धावत आली. आली ती रडत, आणि रडून झाल्यावर फोनवर तुटून पडली. त्यातल्या सापडतील तेवढ्या सगळ्या करामती तिने एकेक करून बंद केल्या. "बाबा, आता जसं असेल तसंच दिसेल." ती हे म्हणाली आणि तिला दुकानातलं काही आठवलं असावं, कारण मग ती बराच वेळ खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. मास्तरांना तिची कीव आली. 

इस्पितळात तिसऱ्या दिवशी मुलगी चहा आणायला खाली गेली होती. बायको छताकडे बघत पडली होती. तिने तसंच पडल्यापडल्या विचारलं, "तुम्हाला दिसत होतं?"

मास्तर स्टुलावर बसले होते. उत्तर टाळायला त्यांना भरपूर जागा होती. पण त्यांना खोटं बोलायचाही सराव नव्हता.

"दिसत होतं."

"कधीपासून?"

"अकराव्या-बाराव्या दिवसापासून."

तिने मनात दिवस मोजले असावेत. "आणि बोलला नाहीत."

"सिस्टरला फोन केला होता एकदा."

"मला. मला बोलला नाहीत."

"मला वाटलं, माझेच डोळे... आणि तू फोटो बघून..." 

 तिने मान भिंतीकडे वळवली. चाळीस वर्षांत तिची बोलणी मास्तरांनी खूप खाल्ली होती. हे मात्र त्यांना नवं होतं. पुढचे कितीतरी दिवस ती फक्त लागेल तेवढंच बोलली: पाणी, उशी, खिडकी लावा. बोलायचं खातं तिने बंद केलं, आणि ते उघडायची किल्ली मास्तरांकडे कधीच नव्हती.

घरी आल्यावर मुलगी आठ दिवस राहिली आणि गेली. सकाळचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. प्लास्टिक, पाणी, टिपणं, फोटो. बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला नका दाखवू." ती डोळे मिटून पडायची. फोटो आता खरे येत होते, निदान सगळे तसं म्हणत होते. मास्तर रोज पाय बघायचे, पडदा बघायचे. दोन्ही सारखेच दिसायचे. तरी त्यांना फोटो पाठवताना बोट उचलवत नसे.

मुलगी गेल्यावर सहाव्या सकाळी टाक्यांच्या कडेला त्यांना करडं दिसलं. म्हणजे दिसलं असं वाटलं. तांदळाच्या दाण्याएवढं. पडद्यावर होतं, पण त्यांच्या नजरेला जाणवलं त्याच्या अर्धंही नाही. बाहेर ढगाळ होतं. त्यांनी फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'ठीक दिसतंय. उद्या पुन्हा पाठवा.'

मास्तर फोन धरून बसून राहिले. डॉक्टर आता जपून बघत असणार, हे त्यांना कळत होतं. यावेळी खरंच आपल्या डोळ्यांची चूक असेल, हेही कळत होतं. भीतीपोटी माणसाला नाही नाही ते दिसतं. तिला तीन मजले उतरवायचं, दोन बस, आणि तिथे डॉक्टर म्हणणार, काका, कशाला त्रास घेतलात. चूक ठरलं तर तिच्यापुढे आणखी खाली जायचं. अर्थात आता खाली जायला फारसं काही उरलंही नव्हतं.

"काय म्हणाले डॉक्टर?" बायकोने डोळे न उघडता विचारलं.

"ठीक म्हणाले."

मास्तरांनी पट्टीची गुंडाळी उचलली.

"आणि तुम्ही?"

 "मला कडेला करडं वाटतंय. दाण्याएवढं. खात्री नाही. फोटोत तितकं दिसत नाही. माझीच चूक असेल."

तिने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं. "पट्टी बांधा," ती म्हणाली, "आणि माझी साडी द्या. ती निळी. चला."

"शेजारचे दोघेही कामावर गेलेत. खुर्ची कोण..."

"मी बसून उतरेन. तुम्ही पाय धरा."

म्हणून मग ते निघाले. ती वरच्या पायरीवर बसली, दोन्ही हात मागे टेकले आणि एक पायरी खाली घसरली. मास्तर तिच्याखाली, जिन्याकडे पाठ करून, पट्टी बांधलेला पाय दोन्ही हातांत तोलून धरत एकेक पायरी मागे उतरू लागले. मागची पायरी त्यांना दिसत नव्हती, टाचेने चाचपावी लागत होती. पिशवी खांद्यावरून सारखी घसरत होती आणि ती सावरायला हात मोकळा नव्हता. पहिल्या वळणावर त्यांचे दंड थरथरू लागले. तिच्या कपाळावर घाम आला होता.

खरंच करडं होतं का? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि त्यांना तो रंगच आठवेना. नुसतं करडं, असं शब्दांत आठवत होतं. परत वर जाऊन, पट्टी सोडून, एकदा खिडकीशी बघितलं तर...

"किती राहिलं?" तिने विचारलं.

"दोन मजले. दमलीस? थांबू या का थोडं?"

"नको. थांबलो की तुम्ही मला परत वर न्याल."

 मास्तरांनी टाचेने मागची पायरी शोधली, सापडली तशी पाऊल टेकलं आणि पाय घट्ट धरून म्हणाले, "ये. सावकाश."